खिडकीखालची फुलं

सून खोटं बोलली ते फक्त तीन शब्दांचं. ‘छान झोप लागली’ एवढंच ती सासऱ्यांना म्हणाली, आणि पुढं दीड वर्ष ते तीन शब्द पोसत बसली. खोटं बोलायला कष्ट पडत नाहीत, सांभाळायला पडतात. त्यातून बोलणारं माणूस स्वभावानं बरं असलं तर विचारायलाच नको, कारण बऱ्या माणसाला सुरुवात कुठं चुकली हे कळतं आणि तरी मागं फिरता येत नाही.

सासऱ्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. सासूबाई गेल्या, पाठोपाठ दुकान बंद झालं, आणि ते मुलाकडे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत राहायला आले. येताना त्यांनी चिमटे, भिंग आणि खिशातलं एक घड्याळ एवढंच आणलं. दिवसभर ते खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायचे. ते घड्याळ दिवसाला दोन मिनिटं पुढं जायचं. पूर्वी असं घड्याळ दिसलं असतं तर त्यांना घास गिळवला नसता, आता त्याला हात लावायचीही त्यांची इच्छा नव्हती. सुनेला ते बघवेना. एका संध्याकाळी कामावरून येताना तिनं बियाणांच्या दुकानातून एक पाकीट उचललं. कसलं आहे ते वाचलंही नाही. वर पांढऱ्या पाकळ्यांच्या, मधे टपोरी पिवळी घुमटी असलेल्या फुलांचं चित्र होतं, ते गोड वाटलं म्हणून घेतलं. घरी आल्यावर कळलं की ते कॅमोमाईल आहे आणि त्याचा चहा करतात.

सासऱ्यांनी पहिल्या खेपेला ते बी बोटभर खोल पुरलं. तीन आठवडे पाणी घातलं, पण मातीनं काही दाद दिली नाही. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून काढली आणि जेवताना सगळ्यांना सांगितलं, की हे बी मातीखाली गाडायचं नसतं, त्याला उजेड लागतो. ओल्या मातीवर नुसतं टाकून द्यायचं, पुढचं ते आपलं आपण बघतं. सून ‘हो का’ म्हणाली आणि वाढायला लागली. ते वाक्य तिनं कान देऊन ऐकलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसऱ्या खेपेला बी उगवलं. गच्चीवरच्या कुंडीत बडीशेपेच्या पाल्यासारखा नाजूक पाला आला, मग फुलं आली. सासरे ती सकाळी, दव वाळल्यावर, एकेक करून खुडायचे, खाटेखाली जुन्या वर्तमानपत्रावर सावलीत वाळवायचे. पहिला चहा त्यांनी स्वतः केला. कपात चमचाभर फुलं टाकली, वर उकळून जरा निवलेलं पाणी ओतलं, बशीनं झाकण घातलं आणि खिशातल्या घड्याळावर सात मिनिटं मोजली. मग कप सुनेपुढं ठेवला आणि समोर बसून राहिले.

ओल्या गवताच्या भाऱ्यात कुणीतरी सफरचंदाची सालं विसरून गेलं असावं, तशी त्याची चव होती. सून कॉफीवर जगणारी बाई. शिवाय झोपेची तिला कधी तक्रारच नव्हती, पाठ टेकली की घोरायला लागायची. नवरा त्यावरून तिची टर उडवायचा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी विचारलं, “कसं काय, लागली का झोप?” आणि ती म्हणाली, “छान झोप लागली.”

त्या दुपारी सासऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि त्याची दोन मिनिटं काढून टाकली. ते बघून कुणाची जीभ रेटली असती खरं सांगायला?

एका कुंडीच्या चार झाल्या, चाराच्या चौदा. रोज रात्री जेवणानंतर झाकलेला कप यायचा. ‘भांडी आवरता आवरता पिते’ म्हणून सून तो स्वयंपाकघरात न्यायची आणि मोरीत ओतायची. नळ मोठा सोडायची, म्हणजे आवाज झाकला जायचा. पहिल्या महिन्यात तिला दर वेळी लाज वाटायची. पुढं लाजेचीही सवय झाली, आणि खरं तर तेच जास्त वाईट होतं.

ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लहानशा लॅबमध्ये काम करायची. डॉक्टर माप घेऊन पाठवायचे. प्लास्टरच्या साच्यावर मेणात दात बसवायचे, पुढं त्याची कवळी करायची, घासायची, चकाकी आणायची, हे तिचं काम. आठ तास उभ्यानं. सासऱ्यांची कवळीही तिनंच केली होती, ते राहायला आले त्याच महिन्यात, सुटीच्या दिवशी बसून. ‘छान बसलीय’ असं ते म्हणाले होते. डॉक्टरांनी आठवड्यानं दाखवायला बोलावलं, तर ‘काही गरज नाही’ म्हणून गेलेही नाहीत. तिला त्या कवळीचा अभिमान होता. सासरे जेवायला वेळ लावतात, पावाची कड काढून ठेवतात, सफरचंद किसून मागतात, हे ती वयाच्या खात्यावर टाकायची.

सुनेला कामावर दुपारी ताण येत असेल असं सासऱ्यांच्या मनात आलं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी तिला वाळक्या फुलांची एक काचेची बरणी मिळायला लागली, लॅबमध्ये करून प्यायला. लॅबमध्ये माणसं चार, चारही कॉफीवाली. वाटून संपवणं जमेना. घरच्या कचऱ्यात टाकायची सोय नव्हती, कारण ओला-सुका कचरा वेगळा करून खाली नेणं हे सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलेलं काम होतं, आणि ते भिंगवाले गृहस्थ कचराही बघून घ्यायचे. शेवटी तिला एक वाट सापडली. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, इमारतीच्या मागच्या भिंतीलगत मातीची एक पट्टी होती. वरच्या पाइपाची गळती तिथं ठिबकायची, म्हणून ती जागा कायम ओली असायची. तिकडं कुणी फिरकायचं नाही. बरणी रिकामी करायला मिनिटभरसुद्धा लागायचं नाही. फुलं हलकी, वाऱ्यानं थोडी इकडंतिकडं व्हायची आणि मातीवर पडायची.

असं वर्षभर चाललं.

मध्यंतरी गच्चीच्या जिन्यात सासऱ्यांचा पाय घसरला. मोडलं काही नाही, पण गुडघा सुजला. डॉक्टरांनी जिने कमी करायला सांगितले. नवरा म्हणाला, “बाबा, पुरे झाली ती बाग.” सासरे म्हणाले, की सून दिवसभर उभी असते, तिला निदान रात्रीची झोप तरी नको का? तेव्हा नवऱ्यानं बायकोकडे वळून सरळ विचारलं, “तुला खरंच एवढा लागतो का गं तो चहा?”

सुटायची याहून चांगली संधी आली नसती. ‘नाही’ एवढं म्हणायचं होतं. पण ‘नाही’ म्हटलं तर आजवरच्या कपांचं काय, बरण्यांचं काय, असा विचार तिच्या मनात आला, आणि सासरे तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, “लागतो.”

तेव्हापासून सासरे कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत गच्चीवर जायला लागले. जाताना खिशात रुमालाची एक पुरचुंडी असायची. चिमटा असेल, असं तिला वाटायचं. खाली कणकेचे हात घेऊन उभी असताना तिला त्यांची पावलं ऐकू यायची, एकेक पायरी. त्यांच्या खोलीत रेडिओ बारीक आवाजात कितीही वेळ चालू असतो हेही तिला माहीत होतं. एकदा तिनं विचारलं, की तुम्ही स्वतः का नाही घेत हा चहा?

“पुरायला नको का?” ते म्हणाले. “आधी कामावर जाणारं माणूस. मला काय, दुपारी डुलकी काढता येते.”

यानंतरही मोरीपाशी जाऊन तिनं नळ मोठा सोडला. स्वतःची इतकी किळस तिला आयुष्यात कधी आली नव्हती.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही. थंडी सरत आली होती. एका रविवारी सकाळी तळमजल्यावर गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या बाईंनी सगळ्यांना खाली बोलावलं. इमारतीत त्यांना शिकवणीबाईच म्हणायचे. गळती दाखवायला म्हणून त्या प्लंबरला घेऊन मागं गेल्या होत्या, आणि तिथं बघतात तर पांढरं शुभ्र. नवरा, सासरे, सून सगळे गेले.

भिंतीलगत कॅमोमाईल फुललं होतं. दाट, गुडघ्याएवढं, चौदा कुंड्यांत मिळून नव्हतं एवढं. आणि ते सगळीकडं नव्हतं. बरोबर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, हातानं बरणी झटकली तर फुलं जिथवर जातील तिथवर अर्धगोलात होतं. कंपासनं आखून काढावं तसं. सुनेच्या कानशिलात रक्त चढलं. ओल्या मातीवर नुसतं टाकून द्यायचं, पुढचं ते आपलं आपण बघतं.

सासरे भिंतीला धरून कसेबसे खाली बसले. एक फूल तोडून त्यांनी नखानं उभं चिरलं आणि आत बघितलं. खऱ्या कॅमोमाईलची पिवळी घुमटी आतून पोकळ असते. ती पोकळ होती. मग त्यांनी मान वर करून खिडकीकडे बघितलं, बराच वेळ. सुनेकडे मात्र बघितलं नाही.

“हे इथं कसं काय आलं?” शिकवणीबाईंनी विचारलं.

“माझ्याच हातून सांडलं असेल,” सासरे म्हणाले. “खिडकीत वाळत घालतो ना. हल्ली हात थरथरतो माझा.”

खिडकीत ते कधीही काही वाळत घालत नसत. आणि त्यांचा हात थरथरत नव्हता. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून ते बोलू शकायचे. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यानं ‘माझा हात थरथरतो’ म्हणणं, म्हणजे गवयानं स्वतःहून आवाज गेला म्हणून सांगणं. सून तिथंच उभी होती, आणि तिनं ते ऐकलं. ‘वयाचंच आहे हो ते’ असं म्हणून शिकवणीबाई प्लंबरकडे वळल्या.

नवऱ्यानं मात्र ते मनावर घेतलं. गुडघा दुखरा, त्यात हात थरथरतो, आता गच्ची बंद म्हणाला. येत्या रविवारी नर्सरीवाल्याला बोलावून कुंड्या देऊन टाकायच्या. सासरे नुसते “दे” म्हणाले. त्या रात्री त्यांनी नेहमीसारखा कप आणला नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, “तुला करू का चहा?” दीड वर्षात त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. सून म्हणाली, आज नको. ते मान हलवून गेले.

सोमवार गेला. ‘उद्या सांगते’ असं तिनं मनाशी तीनदा ठरवलं. लॅबमध्ये एक दात उलटा बसवला आणि सगळं मेण परत वितळवावं लागलं.

मंगळवारी संध्याकाळी शिकवणीबाई वर आल्या. त्यांच्या वडिलांचं एक जुनं मनगटी घड्याळ महिनाभर सासऱ्यांकडे दुरुस्तीला होतं. त्याचा एक भाग मिळत नव्हता म्हणून ते स्वतः घासून बनवत होते. बाई दारातच घुटमळल्या. मग म्हणाल्या, की घाई काही नाही, पण राहू द्या आता ते, उगाच तुम्हाला त्रास. वडिलांची एवढी एकच वस्तू आहे, नाजूक आहे. वाईट मनानं नव्हत्या बोलत. सासरे उठले, खोलीतून घड्याळ आणि त्याचे सुटे भाग कागदाच्या पुडीत घेऊन आले, आणि त्यांच्या हातावर ठेवले. ठेवताना त्यांचा हात अगदी स्थिर होता. पण तो बघणार कोण? सगळ्यांना आता थरथरणाराच दिसणार होता.

“बाई, थांबा,” सून म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “बाबांचा हात थरथरत नाही. ती फुलं मी टाकलीत. खिडकीतून. वर्षभर टाकतेय.”

बाईंना काही कळेना. नवरा टॉवेलला तोंड पुसत बाहेर आला. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, उंबऱ्यात उभं राहून, परक्या बाईसमोर. चहा कधीच आवडला नव्हता हे, मोरी, नळ, बरण्या आणि ‘लागतो’ म्हणाली तेही. सांगताना तिनं जमिनीकडे बघितलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटायची वेळ माणसावर क्वचित येते. तिच्यावर ती आली होती आणि फरशी जागची हलली नाही.

शिकवणीबाईंनी पुडी परत सासऱ्यांच्या हातात दिली. “झालं की निरोप द्या,” म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. नवऱ्यानं काहीतरी विनोद करायचा प्रयत्न केला, पण कुणी हसलं नाही.

“एका बरणीत किती फुलं मावतात, माहितीय?” सासऱ्यांनी विचारलं.

“नाही.”

“चारशेच्या आसपास. मीच खुडतो, म्हणून माहीत.”

एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले. ते रागावले असते, ओरडले असते, तर तिला सोसलं असतं. ती चारशे फुलं मात्र डोळ्यांपुढून हलेनात. दुखऱ्या गुडघ्यानं चढलेले जिने तिनं मोजायला घेतले, ते मोजवेनात म्हणून सोडून दिले. त्या रात्री तिला, आयुष्यात पहिल्यांदा, झोप लागली नाही.

सकाळी ती कॉफी घेऊन बसली होती, तेव्हा सासरे आले. समोरच्या खुर्चीत बसले, खिशातून रुमालाची ती पुरचुंडी काढली आणि टेबलावर उलगडली. आत चिमटा नव्हता. कवळी होती.

“आता खरं बोलायचंच ठरलंय तर,” ते बोळक्या तोंडानं म्हणाले, “ही टोचते.”

तिला क्षणभर अर्थच लागेना. “कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. खाली डाव्या अंगाला. गच्चीवर जाताना काढून खिशात ठेवायचो. तेवढाच जिवाला आराम.”

“मग बोलला का नाहीत, बाबा?”

“सुटी मोडून केली होतीस.” त्यांनी रुमालाचं टोक सरळ केलं. “आणि बसलीय का विचारताना तुझं तोंड एवढंसं झालं होतं. म्हटलं, होईल सवय.”

तिनं कप खाली ठेवला. त्या दोघांची लबाडी एकच होती, असं कुणीही म्हणालं असतं, आणि सासरे बहुधा तेच सुचवायला आले होते. फिट्टंफाट झाली म्हणून तिनं हसावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण तिला हसू येईना. त्यांनी तिचं टोचणारं तोंडात ठेवलं होतं, दोन वर्षं, तिन्ही त्रिकाळ. आणि तिला त्यांचा एक कप घशाखाली उतरवता आला नव्हता. फरक एवढाच होता, पण तो तिला फार मोठा दिसत होता.

कवळी घेऊन ती लॅबमध्ये गेली. डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि दिव्याखाली धरली. डाव्या कडेला तांदळाच्या कणीएवढा उंचवटा राहिला होता. तिच्याच हातून राहिलेला. घासून गुळगुळीत करायला तिला पाच मिनिटं लागली. पुढची दहा मिनिटं ती यंत्र बंद करून नुसती बसून होती.

संध्याकाळी सासऱ्यांनी कवळी घातली. जबडा हलवून बघितला. टेबलावर दोन कप होते. तिनंच घड्याळ लावून सात मिनिटं ठेवलेला चहा त्यांच्यापुढं, आणि तिच्यापुढं तिची कॉफी. कुंड्या गच्चीवरून उतरणार होत्या, पण नर्सरीत नव्हे, पाठीमागच्या त्या पट्टीवर. कचरा न्यायला ते रोज खाली जायचेच, गच्चीचा जिना वेगळा चढावा लागणार नव्हता. नवऱ्यानं ते निमूट कबूल केलं होतं. पाणी घालायला तिलाही त्या फुलांच्या शेजारी आता रोज सगळ्यांसमोर जावं लागणार होतं. तिला ते नको होतं, आणि योग्यही वाटत होतं.

“छान बसलीय,” सासरे म्हणाले.

सुनेनं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. खणातून बॅटरी काढली, खुर्ची पुढं ओढली आणि त्यांच्या हनुवटीला हात लावला.

“तोंड उघडा,” ती म्हणाली. “मला बघू द्या.”